पाठीवरचं शिसं

३ नोव्हेंबर १९३१ रोजी मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर जॉकी जिम पाइक खोगीर घेऊन काट्यावर चढला. काटा दहा स्टोन दहा पौंडांवर, म्हणजे ६८ किलोंवर यायला हवा होता. जॉकी मुळातच हलक्या अंगाचे. पाइकचं वजन आणि खोगिराचं वजन यांची बेरीज त्या आकड्याच्या जवळपासही जात नव्हती, म्हणून उरलेली भरती शिशाच्या पट्ट्यांनी केली गेली. खोगिराखालच्या कापडाला कप्पे असतात, त्यांत या पट्ट्या सारतात. त्या दिवशी मेलबर्न कप जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर ४३.५ किलो होते. म्हणजे पाइकचा घोडा जिंकलेल्यापेक्षा साडेचोवीस किलो जास्त वाहून दोन मैल धावला. त्याचं नाव फार लॅप. ऑस्ट्रेलियाच्या मैदानांवर त्याच्याइतका लोकांच्या जिव्हाळ्याचा घोडा दुसरा झाला नाही, आणि तरीही, किंवा खरं तर म्हणूनच, त्या दुपारी तो आठवा आला.

हे वजन कुणी आकसाने लादलं नव्हतं. शर्यतींचे ढोबळ मानाने दोन प्रकार असतात. एका प्रकारात वय आणि लिंग पाहून वजन ठरतं. समवयस्क घोड्यांना सारखं, घोडीला थोडं कमी, बस. महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी याच प्रकारची. तिथे चांगल्या घोड्याला चांगलं असण्याचा पुरेपूर फायदा मिळतो. दुसरा प्रकार हँडिकॅपचा, आणि आपल्याकडे मुंबई-पुण्याला रेसच्या दिवशी होणाऱ्या बहुतेक शर्यती याच प्रकारच्या असतात. यात हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याची मागची कामगिरी पाहून त्याला वजन नेमून देतो. सगळे घोडे विजयाच्या खांबाशी एका रेषेत पोचावेत, हे त्याचं स्वप्न. ते कधीच पुरं होत नाही, पण त्याचा प्रयत्न त्याच दिशेने असतो. जिंकलात की वजन वाढणार, हरत राहिलात की घटणार. सट्टेबाजीचा सगळा डोलारा या अनिश्चिततेवर उभा असल्याने हँडिकॅपरशिवाय धंदा चालणं कठीण.

मला या व्यवस्थेत एक विचित्र प्रामाणिकपणा दिसतो. घोड्याच्या मोठेपणाबद्दल मालक, पत्रकार, बुकी काहीही बोलोत. ज्याला त्याचा पराभव घडवून आणायचा आहे, त्याने किती शिसं मागवलं, हा आकडा खोटं बोलत नाही. फार लॅप मेलबर्न कपमध्ये तीनदा धावला. १९२९ मध्ये त्याच्या पाठीवर सुमारे ४७ किलो होते, १९३० मध्ये साडेबासष्ट आणि १९३१ मध्ये ६८. त्याची जवळजवळ सगळी कारकीर्द या तीन आकड्यांच्या मधे घडली.

पाचशे किलोंच्या जनावराला पाच-सहा किलोंनी काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब करून पाहा. पाचशे किलोंच्या घोड्यावर साठ किलो म्हणजे साठ किलोंच्या माणसाने सात किलोंची पिशवी पाठीला बांधून धावायचं. शंभर मीटर सहज जाईल; तीन हजार दोनशे मीटर पूर्ण वेगाने जाऊन पाहावं. घोडा भरधाव असताना एका टप्प्यावर त्याचा पुढचा एकच पाय जमिनीवर असतो आणि त्या पायावर त्याच्या वजनाच्या अडीचपट जोर येतो. पाठीवर वाढवलेला प्रत्येक किलो तिथे, नळीच्या आणि खुराच्या त्या बारीक हाडांवर, अडीच किलो होऊन उतरतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक-दीड पौंड म्हणजे एक लांबी, असा रेसवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचा घोडा.

त्यातही वजनावजनात फरक असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जॉकी रिकिबी लांब सोडून, पाय सरळ करून, खोगिरात ताठ बसत. आपल्याकडच्या घोडेस्वाराची पक्की मांड असते तसंच काहीसं. मग अमेरिकन जॉकींनी रिकिबी आखूड केल्या आणि घोड्याच्या मानेवर ओणवं होऊन, ढुंगण खोगिराला न टेकवता धावणं सुरू केलं. इंग्लंडमध्ये टॉड स्लोन नावाच्या अमेरिकन जॉकीची सुरुवातीला त्यावरून टवाळी झाली, पण त्याचे घोडे जिंकू लागल्यावर सगळेच तसे बसायला लागले. १९०० च्या आगेमागे शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. याचं कारण २००९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मोजून दाखवलं. ओणवा जॉकी गुडघ्यांतून दबत-उठत राहतो. घोडा खालीवर आणि मागेपुढे हेलकावतो, जॉकी मात्र जवळपास सरळ रेषेत पुढे सरकतो. घोड्याला त्याचं वजन पेलावं लागतं, पण प्रत्येक ढांगेला ते झटक्याने ओढावं लागत नाही. खोगिराखालच्या शिशाला गुडघे नसतात. ते घोड्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर हलतं आणि त्याची किंमत वसूल करतं. म्हणून जुने ट्रेनर म्हणत की जिवंत वजन परवडलं, मेलेलं नको.

फार लॅप ४ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, टिमारू गावाजवळच्या सीडाउन इथे जन्मला. बाप नाइट रेड, आई एन्ट्रीटी. दोघांनीही मैदानावर नाव घेण्यासारखं काही केलेलं नव्हतं. सिडनीत हॅरी टेलफर्ड नावाचा एक कर्जबाजारी ट्रेनर होता. घोडे फारसे नव्हते, पण वंशावळी वाचण्याचा नाद होता. ट्रेंटहॅमच्या १९२८ च्या जानेवारीतल्या लिलावाची यादी चाळताना त्याला या शिंगराच्या बापाच्या बाजूला कार्बाइनचं नाव दिसलं. कार्बाइनने १८९० चा मेलबर्न कप ३९ घोड्यांच्या घोळक्यातून, पाठीवर जवळपास ६६ किलो घेऊन जिंकला होता. इतक्या वजनाने तो कप आजवर दुसऱ्या कुणी जिंकलेला नाही. टेलफर्डकडे पैसे नव्हते. त्याने डेव्हिड डेव्हिस या सिडनीतल्या अमेरिकन व्यापाऱ्याला गळ घातली आणि न्यूझीलंडमधल्या आपल्या भावाला बोली लावायला सांगितलं. १६० गिनींत घोडा पडला. चांगल्या शिंगरांच्या मानाने ही किंमत चिल्लर होती.

घोडा बोटीने सिडनीला आला आणि डेव्हिसचा पारा चढला. लाखी रंगाचं, लांब ढांगांचं, अंगावर मांस नसलेलं, तोंडावर चामखिळी उठलेलं हे ध्यान पाहून त्याने तालमीचा खर्च द्यायला साफ नकार दिला. टेलफर्डने मग तोड काढली. तीन वर्षं घोडा मी भाड्याने घेतो, दाणावैरण आणि तालीम माझी, बक्षिसाचे दोन भाग माझे, एक भाग तुमचा. डेव्हिसने बुडीत खातं समजून होकार दिला. नाव थाई आणि झुआंग भाषांतल्या विजेसाठीच्या शब्दावरून पडलं, ते सुचवलं एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने. तबेल्यात मात्र त्याला सगळे ‘बॉबी’ म्हणत.

टेलफर्डने दोन गोष्टी केल्या. पहिली, घोडा खच्ची केला. वाळूच्या टेकड्यांवर दमेस्तोवर पळवणं ही दुसरी. यातली पहिली साधी वाटते, पण फार लॅपच्या पुढच्या नशिबाची किल्ली मला तिच्यातच दिसते. अमेरिकेचा सेक्रेटेरियट १९७३ मध्ये त्रिमुकुट जिंकून गाजला. त्या मोसमाआधीच त्याच्या वंशवृद्धीचे हक्क साठ लाख डॉलरांहून जास्त किमतीला विकले गेले होते, म्हणून एकूण २१ शर्यतींनंतर तो कुरणात गेला. तो धावत राहण्यापेक्षा न धावता जास्त मोलाचा होता. खच्ची घोड्याला हा मार्ग बंद. त्याचं सगळं मोल पायांत. पाय चालतात तोवर पैसा. फार लॅप तीन-सव्वातीन वर्षांत ५१ वेळा धावला.

सुरुवात बेताची होती. २३ फेब्रुवारी १९२९ ला सिडनीच्या रोझहिलवर पहिल्याच शर्यतीत तो शेवटचा आला. पहिला विजय एप्रिलअखेरीस मिळाला, तोही नवख्यांच्या हँडिकॅपमध्ये. मग दक्षिण गोलार्धातला ऑगस्ट आला. तिथे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ ऑगस्टला धरतात. या पोराच्या अंगाने उंचीला गाठलं. उंची सतरा हातांवर (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा) गेली, छाती भरली. सप्टेंबरात रोझहिल गिनीज, ऑक्टोबरात रँडविकची एजेसी डर्बी विक्रमी वेळेत, नोव्हेंबरात व्हिक्टोरिया डर्बी. त्यानंतर तीनच दिवसांनी मेलबर्न कप होता. तीन वर्षांच्या घोड्याला वजन हलकं, सुमारे ४७ किलो, आणि घोटाळा तिथेच झाला. त्याला ओळखणारा जॉकी पाइक एवढा खाली उतरू शकत नव्हता. बॉबी लुईस या मुरब्बी जॉकीला बसवलं गेलं. शर्यत संथ सुरू झाली, लुईसने लगाम खेचून धरला, घोड्याने मान उडवत त्याच्याशी भांडण मांडलं आणि त्या भांडणात दम घालवला. तो तिसरा आला. जिंकला नाइटमार्च, जो त्याच नाइट रेडचा मुलगा, म्हणजे त्याचा सावत्र भाऊ. हलक्या वजनाने हरण्याचा हा प्रसंग मला वजनाच्या सगळ्या गणितापेक्षा बोलका वाटतो. नाइटमार्चला पुढल्या वर्षी फार लॅपने इतक्या वेळा मागे टाकलं की मालकाने त्याला मेलबर्न कपच्या आधीच न्यूझीलंडला परत नेलं. तिथे त्याने न्यूझीलंड कप जिंकला. शहाणा मालक.

आता १९३०. ऑस्ट्रेलिया मंदीच्या गर्तेत होता. लोकरीचे आणि गव्हाचे भाव कोसळले होते, शहरांत धान्याच्या रांगा लागत होत्या, आणि पुढच्या दोन वर्षांत जवळपास तिसरा हिस्सा कामगार बेकार होणार होते. अशा काळात एका कंगाल ट्रेनरचा १६० गिनींचा घोडा शनिवारमागून शनिवार जिंकत होता. लोक त्याला ‘बिग रेड’ म्हणू लागले. त्याची अवस्था अशी झाली की बुकी त्याच्यावर पैसे घ्यायला नाखूश असत. वयानुसार वजनाच्या शर्यतींत तर त्याच्यासमोर घोडे उतरवायलाच मालक तयार होत नसत.

त्या वसंतात एक डाव खेळला गेला. कॉलफील्ड कप आणि मेलबर्न कप या दोन्ही शर्यतींचे विजेते एकत्र ओळखण्याची ‘डबल’ पैज तिथे लोकप्रिय आहे. फार लॅपचं नाव दोन्हीकडे होतं. तो कॉलफील्डमध्ये धावणार असं वाटत असल्याने तिथल्या इतर घोड्यांवर भाव भरपूर मिळत होता. जाणकारांनी अमाउनिस या दमदार घोड्यावर आणि मेलबर्नला फार लॅपवर डबल लावली. मग ऐन वेळी फार लॅपचं नाव कॉलफील्डमधून काढलं गेलं आणि अमाउनिस तिथे जिंकला. आता फार लॅपने मेलबर्न कप जिंकला तर बुकींचं दिवाळं निघणार होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळची धाव आटोपून फार लॅप तबेल्याकडे परतत होता. बाजूला एका तट्टावर टॉमी वुडकॉक, त्याचा मोतद्दार. वुडकॉकने त्याला खरारा करायचा, चंदी द्यायची, रात्री त्याच्या शेजारी झोपायचं. घोडा दुसऱ्या कुणाच्या हातचं खायला कुरकुरायचा असं म्हणतात. रस्त्याकडेला एक मोटार उभी होती. तिची नंबराची पाटी वर्तमानपत्राने झाकलेली. वुडकॉकला संशय आला. मोटार मागून आली तेव्हा त्याने आपलं तट्टू मोटार आणि घोडा यांच्या मधे घातलं. बंदुकीच्या छऱ्यांचा बार झाला आणि मोटार पळाली. घोडा आणि माणूस दोघेही बचावले. त्याच दुपारी फार लॅप फ्लेमिंग्टनवर मेलबर्न स्टेक्समध्ये धावला आणि जिंकला.

कपापर्यंतचे दोन दिवस त्याला जिलाँगजवळच्या सेंट अल्बन्स या फार्मवर लपवलं गेलं. मंगळवारी निघायच्या वेळी व्हॅनचं इंजिन सुरू होईना आणि घोडा जेमतेम वेळेत मैदानावर पोचला, असा किस्सा सांगतात. पाइक या वेळी स्वार होता, कारण साडेबासष्ट किलोंत त्याला उपास करायची गरज नव्हती. वजन वाढल्याचा हा एक फायदा. भाव ११ ला ८, म्हणजे अकरा पौंड लावले तर आठ मिळणार. मेलबर्न कपच्या इतिहासात लावलेल्या रकमेहून कमी नफ्याचा भाव घेऊन उतरलेला हा एकमेव घोडा. पाइकने त्याला घोळक्यात शांत ठेवलं, शेवटच्या वळणानंतर हात सैल सोडले आणि तो तीन लांबींनी जिंकला. दुसरा सेकंड विंड, तिसरा शॅडो किंग. गुरुवारी आणखी एक शर्यत, शनिवारी आणखी एक. आठवड्यातल्या फ्लेमिंग्टनच्या चारही दिवशी तो धावला आणि चारही दिवशी जिंकला. आजचा कुठलाही ट्रेनर हे वाचून कपाळाला हात लावेल. त्या काळीही हे अतीच होतं.

विजयांची ही मालिका पुढे सलग १४ पर्यंत गेली. त्यातला फेब्रुवारी १९३१ मधला फ्युचुरिटी स्टेक्स मला कपापेक्षा मोठा वाटतो. सात फर्लांग, म्हणजे १४०० मीटरची धाव, त्याच्या प्रकृतीला फार आखूड. चिखल, आणि पाठीवर ६५ किलो. सुरुवातीलाच तो खूप मागे पडला, तरी बाहेरून येऊन मानेच्या फरकाने जिंकला. पण या विजयाची किंमत त्याने चुकवली. पुढच्या महिन्यात वॉटरलाइन नावाच्या घोड्याने त्याला हरवलं, जो एरवी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. दरम्यान भाड्याची तीन वर्षं संपली. डेव्हिस आता त्याच ‘ध्याना’चा हक्कदार मालक होता. टेलफर्डने चार हजार पौंड देऊन अर्धा हिस्सा मिळवला.

विश्रांतीनंतर १९३१ च्या वसंतात घोडा परत आला आणि आठ शर्यती ओळीने जिंकला. मेलबर्न कपसाठी त्याला नेमलेलं वजन होतं दहा स्टोन दहा. कार्बाइनच्या विजयी वजनापेक्षा सव्वादोन किलो जास्त. टेलफर्डला त्याला धाववायचं नव्हतं, डेव्हिसला होतं, असं सांगितलं जातं. हँडिकॅपरला दोष देणारे तेव्हा पुष्कळ होते आणि आजही ऑस्ट्रेलियात आहेत. माझ्या मते त्याने आपलं काम केलं. इतर घोड्यांना संधी मिळावी म्हणून जेवढं लागेल तेवढं वजन द्यायचं, एवढाच त्याचा अधिकार. एवढं वजन घेऊन धावायचं की नाही, हे ठरवणं मालकाच्या हाती होतं. नाव काढून घ्यायला एक कागद पुरला असता. सरळ रस्त्यावर आल्यावर घोड्यात काही उरलं नाही हे पाइकला कळलं आणि त्याने त्याला जोर करायला लावलं नाही. व्हाइट नोज जिंकला.

ऑस्ट्रेलियात आता हेच होत राहणार, अधिक शिसं आणि अधिक शिसं. डेव्हिसची नजर अमेरिकेकडे वळली. मेक्सिकोच्या सरहद्दीवर, टिवानाजवळ आग्वा काल्येंते नावाचं झगमगीत रेसकोर्स होतं. अमेरिकेत दारूबंदी असल्याने कॅलिफोर्नियातले श्रीमंत लोक सरहद्द ओलांडून तिथे येत. तिथल्या हँडिकॅपचं बक्षीस लाख डॉलर म्हणून गाजलं होतं, मंदीमुळे ते निम्म्यावर आलं. टेलफर्ड गेला नाही, मोतद्दार वुडकॉक आता ट्रेनर झाला. समुद्रप्रवासात जहाजाच्या डेकवर घोड्याला लोळण्यासाठी वाळूची जागा केली होती. तिकडे पोचल्यावर सरावात खुराला चीर गेली. हिरवळीवर आयुष्य गेलेला घोडा प्रथमच मातीच्या धावपट्टीवर, दुखऱ्या खुरावर खास नाल ठोकून, २० मार्च १९३२ रोजी उतरला. वजन साडेअठ्ठावन्न किलो, शर्यतीतलं सर्वांत जास्त, पण त्याच्यासाठी मागच्या नोव्हेंबरच्या मानाने हलकंच. बिली एलियट या जॉकीने सुरुवातीला त्याला बाहेरच्या बाजूने सगळ्यांच्या मागे ठेवलं. मग अर्ध्या वाटेत त्याने अख्खा घोळका एका दमात ओलांडला, अमेरिकन घोडे पुन्हा अंगाला भिडले तेव्हा दुसऱ्यांदा वेग काढला आणि दोन लांबींनी, मैदानाचा विक्रम मोडून जिंकला. ५१ शर्यतींतला हा ३७ वा विजय.

सोळा दिवसांनी, ५ एप्रिलला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेन्लो पार्कमध्ये पहाटे वुडकॉकला तो वेदनेने तळमळताना दिसला. अंग तापलेलं होतं. दुपारपर्यंत रक्तस्राव होऊन तो गेला. साडेपाच वर्षांचा होता.

विषप्रयोगाची शंका लगेच आली, अमेरिकन गुंडांकडे बोटं दाखवली गेली. कुणी झाडांवर फवारलेल्या आर्सेनिकयुक्त औषधाकडे बोट दाखवलं, तर कुणी आतड्याच्या तीव्र संसर्गाकडे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्याच्या आयाळीचे केस शिकागोजवळच्या सिंक्रोट्रॉन यंत्राखाली, अतिशय तीव्र क्ष-किरणांत तपासले. मरणाआधीच्या तीसेक-चाळीसेक तासांत शरीरात आर्सेनिकची मोठी मात्रा गेल्याच्या खुणा केसांच्या मुळांशी मिळाल्या. ते कुणी दिलं, हे केस सांगत नाहीत. त्या काळी आर्सेनिक हे घोड्यांच्या टॉनिकमधलं नेहमीचं द्रव्य होतं. टेलफर्डची औषधांची हस्तलिखित वही २००८ मध्ये मेलबर्नच्या संग्रहालयाने लिलावात घेतली, तिच्यातल्या पाठांतही ते आहे. माझा कल गुंडांपेक्षा बाटलीकडे आहे. लांबचा प्रवास, नवा चारा, थकलेला घोडा, आणि त्याला ताजातवाना करायची मायेपोटीची घाई. मारेकऱ्याशिवायही एवढ्यात मृत्यू बसतो.

मेल्यानंतर त्याची वाटणी झाली. कातडं न्यूयॉर्कच्या कारागिरांनी मढवून उभं केलं, ते मेलबर्नच्या संग्रहालयात. सांगाडा जन्मभूमीला, वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात. हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात, काचेच्या बरणीत. तीन शहरं, दोन देश, आणि कुणीच आपला हिस्सा सोडायला तयार नाही.

त्या हृदयाचं वजन ६.२ किलो भरलं. या जातीच्या घोड्याचं हृदय साधारण चार-साडेचार किलोंचं. ‘फार लॅपएवढं काळीज’ हा ऑस्ट्रेलियात हिमतीच्या माणसासाठी वाक्प्रचारच झाला. हिमतीचं राहू द्या, शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही तो आकडा अर्थपूर्ण आहे. घोड्याचं हृदय उभं असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके टाकतं आणि शर्यतीत दोनशेवीसच्या पुढे जातं. ठोके त्याहून फार वाढवता येत नाहीत. त्यामुळे एका ठोक्यात किती रक्त ढकललं जातं यावर सारी मदार. मोठं हृदय म्हणजे मोठा घोट. शिवाय घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचा साठा करून ठेवते आणि धाव सुरू होताच तो रक्तात ओतते. रक्तातलं त्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते साठच्या वर जातं. श्वासाची सोय मात्र तोकडी: भरधाव घोडा प्रत्येक ढांगेला एकदाच श्वास घेऊ शकतो, कारण पोटातली आतडी ढांगेबरोबर पुढेमागे सरकून फुप्फुसांना दाबत-सोडत असतात. म्हणून लांब ढांगेच्या घोड्याला लांब, खोल श्वास. अठराव्या शतकात इंग्लंडचा अपराजित एक्लिप्स मेल्यावर त्याचंही हृदय असंच मोठं निघालं होतं. सेक्रेटेरियटचं शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्याने त्याच्या हृदयाचा अंदाज दहा किलोंच्या घरात सांगितला, पण ते काट्यावर ठेवलं नव्हतं. फार लॅपचं ठेवलं होतं.

माणसांचं पुढे असं झालं. टेलफर्डला तसा दुसरा घोडा मिळाला नाही. वुडकॉक मेलबर्नला लहानसा तबेला घेऊन ट्रेनर झाला. १९७७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याचा रेकलेस नावाचा घोडा सिडनी, ॲडलेड आणि ब्रिस्बेन असे तीन कप एकाच मोसमात जिंकून मेलबर्न कपला उतरला आणि दुसरा आला.

मेलबर्न कप आजही हँडिकॅपच आहे, फक्त वजनाची दरी कमी केली गेली आहे. खालची मर्यादा वर आली, त्यामुळे त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलोंचे जॉकी आणि त्यांची उपासमार इतिहासजमा झाली. कार्बाइनच्या वजनाशी बरोबरी करायची वेळ आता कुणावर येत नाही. मकायबी दिवा ही घोडी २००३ मध्ये ५१ किलो घेऊन जिंकली, २००४ मध्ये साडेपंचावन्न आणि २००५ मध्ये ५८. सलग तीन मेलबर्न कप दुसऱ्या कुणालाच साधलेले नाहीत. चौथ्या वर्षी तिला किती द्यायचं, हा प्रश्न हँडिकॅपरपुढे आलाच नाही. तिसरा कप हातात घेतल्यावर मालक टोनी शांटिच याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, ती आता धावणार नाही.